तलावाचे नियोजन: नुसते बीज टाकून भागत नाही



अन्नसाखळीची आकृती आपण सर्वांनी वहीत काढलेली आहे. पाणवनस्पती, कीटक, लहान मासा, मोठा मासा, शेवटी बगळा. बाण नीट काढले की गुण मिळतात. या बाणांवर गावाची मिळकत कशी अवलंबून असते, ते आज आपण आपल्या शेजारच्या एका तलावाच्या उदाहरणाने पाहू.

मासेमारीचा विचार करताना नुसते मासे न मोजता पाणी, वनस्पती, काठ, पाणलोट आणि त्यावर जगणारी माणसे यांचा एकत्र विचार करणे, याला परिसंस्थाधारित मत्स्यव्यवस्थापन म्हणतात. नाव जड आहे, पण कल्पना साधी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2003 साली याची मार्गदर्शिका काढली. ती मुख्यतः समुद्रातील मासेमारीसाठी होती. गावतलावाला मात्र ती अधिकच लागू पडते असे आम्हाला वाटते, कारण तलावाचे दुखणे काठावर उभे राहून दिसते.

भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी धानाच्या सिंचनासाठी हजारो तलाव बांधले. पुढे त्यांना मालगुजारी तलाव हे नाव पडले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गाळ काढण्याची, पाळ राखण्याची गावाची जुनी घडी विस्कटली. त्या वेळी भंडारा आणि बालाघाट हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच मध्य प्रदेशात होते. राज्ये वेगळी झाली ती 1956 साली, त्यामुळे ही कथा परक्या मुलखाची नाही.

रोहू, कटला, मृगळ हे मासे वाहत्या पाण्यात, पुराच्या वेळी अंडी घालतात. साठलेल्या तलावात ते सहसा प्रजनन करीत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात अंगुल येथे संप्रेरक टोचून या माशांचे प्रजनन घडवले. तेव्हापासून मत्स्यबीज विकत आणून तलावात सोडणे शक्य झाले. हा फार मोठा शोध होता. देशाला त्याने मासे दिले, यात शंका नाही. पण त्यातून एक सवयही लागली. बीज टाकले, जाळे ओढले, हिशोब संपला!

तलावात आपसूक वाढणारे मरळ, वाघूर, शिंगूर यांच्याकडे मग कोणी पाहिले नाही. मरळ उथळ पाण्यात, वनस्पतींच्या आडोशाला अंडी घालते आणि पिल्लांची राखण करते. आडोसा गेला की मरळ गेली. दुसरीकडे काठावर बेशरम माजली. तिची पाने गुरेही खात नाहीत. हे छोटे देशी मासे आठवडी बाजारात धिवर स्त्रियांच्या हाती रोजचे पैसे देतात, म्हणून ते कमी झाले की पहिला फटका त्यांच्या चुलीला बसतो.

अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने, मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने, धिवर मच्छीमारांबरोबर नेमके येथूनच काम सुरू केले. तेथील नव तलाव हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या उपयोगाची, हे ज्ञान धिवरांकडे होतेच. बेशरम मुळासकट उपटली, उन्हाळ्यात तलावाच्या तळाचा काही भाग नांगरला आणि दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती तेथे लावल्या. वनस्पती रुजल्या, देशी मासे वाढले, पक्षीही येऊ लागले.

यातून नियोजनाची रीत कळते. आधी हद्द ठरवायची, आणि ती पाण्याच्या काठाशी थांबत नाही. वरच्या बांध्यांत फवारलेले कीटकनाशक पावसाबरोबर खालीच उतरते. मग सर्वांना एकत्र बसवायचे, आणि सर्वात अवघड काम हेच. धानाला शेवटचे पाणी हवे तेव्हा शेतकरी तुडुम उघडू पाहतो, मच्छीमाराला तेच पाणी उन्हाळ्यापर्यंत हवे असते. दोघेही खरे असतात. किती पातळीखाली पाणी उतरू द्यायचे नाही, हे आधीच ठरवून पाळीवर खूण केली तर भांडण निम्मे मिटते. त्यानंतर एका लहान तुकड्यात प्रयोग करायचा, दरवर्षी मोजायचे आणि चुकले तर बदलायचे. वनस्पती परत आणायच्या असतील तर गवत्या मासा सोडू नये. तो त्याच वनस्पतींवर वाढतो.

आपल्या वैनगंगेचे गणित थोडे वेगळे आहे. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट नदीत मासेमारीस बंदी असते, कारण तो प्रजननाचा काळ. नदीशी संबंध नसलेले लहान तलाव त्यातून वगळले आहेत. बंदी योग्यच आहे, पण बंधाऱ्याने वाट अडवली असेल तर अंडी घालायला वर निघालेला मासा दोन महिने मोकळा राहूनही पोहोचणार कोठे? शिवाय त्या दोन महिन्यांत ढीमर, केवट घरांनी काय खावे, हाही नियोजनाचाच प्रश्न आहे. विश्वस्त मंडळींनी आणि पालकांनी ग्रामसभेत तो जरूर विचारावा.

विद्यार्थ्यांसाठी काम: आपल्या गावचा तलाव किंवा बोडी निवडा. वहीत चार रकाने आखा: पाण्याची पातळी, काठावरच्या वनस्पती, पकडलेल्या माशांची गावातली नावे, दिसलेले पक्षी. दर पंधरा दिवसांनी एकदा नोंद करा. माशांची नावे पुस्तकातून उतरवू नका, जाळे टाकणाऱ्या काकांना आणि बाजारात बसणाऱ्या मावशींना विचारा. पूर्वी मिळत असलेला आणि आता न दिसणारा मासा कोणता, हेही त्यांच्याकडून लिहून घ्या. लहान मुलांनी मोठ्यांना सोबत घेतल्याशिवाय पाण्याजवळ जाऊ नये.