विधिविषयक अनुभवाधिष्ठित संशोधनाची पुनरावृत्तिक्षमता

कायद्याचा अर्थ लावणे हे विधिसंशोधनाचे एक अंग होय. तो प्रत्यक्षात कसा राबतो हे फायली व नोंदी तपासून पाहणे हे दुसरे अंग, आणि त्यालाच अनुभवाधिष्ठित संशोधन म्हणतात. दुसऱ्या अभ्यासकाने त्याच पद्धतीने काम केल्यास तोच निष्कर्ष निघतो काय, ही या संशोधनाच्या पुनरावृत्तिक्षमतेची कसोटी. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा निम्म्याहून कमी निष्कर्ष टिकले. विधिसंशोधनही या शंकेपासून मुक्त नाही.

धाराशिव जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या वारसांना शासनाकडून एक लाख रुपयांचे साहाय्य मिळते. प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ठरवते. नापिकी, बँक वा मान्यताप्राप्त सावकाराचे थकलेले कर्ज आणि परतफेडीचा तगादा ही कारणे त्यासाठी पाहिली जातात. ही कसोटी न्याय्य रीतीने लावली जाते काय, हे तपासण्यासाठी एखाद्या अभ्यासकाने दोनशे फायली वाचल्या असे समजा. सातबारा वडिलांच्या नावे, शेती कसणारा मुलगा मृत, आणि कर्ज पत्नीच्या नावे बचतगटाचे. अशा प्रकरणाची नोंद तो कोणत्या रकान्यात करील? तो जे ठरवील ते चूक असेलच असे नाही. परंतु ठरवण्याचा नियम लिहून ठेवला नसेल, तर दुसरा अभ्यासक त्याच फायलींतून वेगळे प्रमाण काढील आणि दोघांतील मतभेद मिटवण्याचा मार्गच उरणार नाही. अशाच आकड्यांच्या आधारे निकष सैल वा कडक करण्याची मागणी होते. अपात्र ठरलेल्या घरातील विधवेच्या दृष्टीने हा केवळ पद्धतीचा वाद नव्हे.

व्याख्या बदलली की आकडा कसा बदलतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत दिसते. शेतीवर उपजीविका असणाऱ्यांच्या देशभरातील आत्महत्या २०१३ मध्ये ११,७७२ होत्या. २०१४ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्या ५,६५० दाखवल्या गेल्या. संकट निम्म्याने ओसरले नव्हते. त्या वर्षापासून शेतमजुरांचा वर्ग वेगळा केला गेला आणि त्यात ६,७१० नोंदी गेल्या.

जिल्ह्याची सीमा व नाव हीदेखील व्याख्याच. १९८१ च्या जनगणनेतील ‘उस्मानाबाद’मध्ये आजचा बराचसा लातूर जिल्हा होता; तो १९८२ मध्ये वेगळा झाला. २०२३ मध्ये नाव धाराशिव झाले, त्यामुळे एकाच नावाने शोध घेणाऱ्यास अर्धीच सामग्री सापडेल. कलमांचेही तसेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ‘४९८-अ’चा आशय कलम ८५ व ८६ मध्ये आला. केवळ जुना क्रमांक मोजणाऱ्यास विवाहितांचा छळ कमी झाल्याचा भास होईल.

सराव : ई-कोर्ट्स संकेतस्थळावरून धाराशिव जिल्हा न्यायालयाचे कोणतेही दहा निकाल निवडा. ‘तडजोड झाली’ असे केव्हा मानावे याचा नियम आधी लिहा. एका सहाध्यायाने व तुम्ही परस्परांशी न बोलता वर्गीकरण करा. जेथे उत्तरे जुळत नाहीत, तेथे नियमातील कोणता शब्द अपुरा पडला ते पाच ओळींत नोंदवा.