मोठी बॅटरी की मापाची बॅटरी?

मुलांनो, थंडीच्या दिवसांत सकाळी एखादी जुनी मोटार सुरू होत नाही, हे तुम्ही पाहिले असेल. किल्ली फिरवली की 'टक्' असा आवाज येतो आणि गाडी गप्प बसते. मग गल्लीतली मुले धावत येतात आणि धक्का मारतात. तुम्हीही कधीतरी असा धक्का मारला असेल!

आमच्या शेजारच्या चाचांकडे जुनी मारुती ८०० आहे. ही छोटी मोटार १९८३ साली भारताच्या रस्त्यांवर आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन बंद झाले. चाचांची गाडी जुनी असली, तरी तिचे काम मोठे आहे. चाचींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी रुग्णालयात न्यावे लागते. एका हिवाळ्यात गाडीची बॅटरी खराब झाली. चाचा दुकानात जाऊन म्हणाले, "मोठ्यात मोठी बॅटरी द्या. पुन्हा कटकट नको." दुकानदाराने डिझेल जीपची बॅटरी दिली.

ती गाडीतल्या जागेत नीट मावेना. तिला घट्ट धरणारी पट्टीही बसेना. चाचांनी ती दोरीने बांधली. तिसऱ्या दिवशी चाचींना घेऊन जाताना गाडी खड्ड्यात आदळली. बॅटरी उचलली गेली आणि तिचे धन अग्र बॉनेटच्या पत्र्याला टेकले. ठिणग्या उडाल्या, जळक्या रबराचा वास आला. चाचांनी घाईघाईने चाचींना बाहेर काढले. नशीब, की आग लागली नाही! पण त्या दिवशी चाची रिक्षाने, दोन तास उशिरा रुग्णालयात पोहोचल्या.

असे का झाले? बॅटरीचे ऋण अग्र तारेने गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते. म्हणजे बॉनेटचा पत्राही ऋण अग्राला जोडलेलाच असतो. धन अग्र त्याला टेकले, की प्रवाहाला अडवणारे मध्ये काहीच उरत नाही. एका क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि तारा लाल होतात.

चाचांना वाटले, जास्त ताकदीची बॅटरी लावली म्हणून तारा जळल्या. पुष्कळांना असेच वाटते. ते खरे नाही. गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. त्याच उंचीवर दुप्पट मोठी टाकी ठेवली, तर नळाला पाणी जोराने येईल का? नाही. ते जास्त वेळ येईल, एवढेच. बॅटरीचे व्होल्ट म्हणजे टाकीची उंची आणि अँपिअर-तास म्हणजे टाकीत मावणारे पाणी. मोटारीच्या बॅटरीत सहा घट असतात. प्रत्येकाचे सुमारे दोन, असे एकूण १२ व्होल्ट होतात. चाचांच्या दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच होत्या. दोष ताकदीचा नव्हता, मापाचा होता.

मारुती ८०० ला साधारणपणे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी लागते. अशी बॅटरी पावणेदोन अँपिअर प्रवाह सुमारे २० तास देते. गाडीचे समोरचे दोन्ही दिवे मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात. ते रात्रभर चालू राहिले, तर सकाळी बॅटरी रिकामी! डिझेल इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो, म्हणून जीपची बॅटरी मोठी असते. याउलट फार लहान बॅटरी लावली, तर थंडीत ती इंजिन फिरवू शकत नाही, कारण थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते. क्षमता थोडी जास्त असेल तर चालते. पण बॅटरी जागेत मावली पाहिजे आणि पट्टी बसली पाहिजे.

मग मिस्त्रींनी काय केले? त्यांनी मापपट्टी काढली. जागेची लांबी, रुंदी आणि बॉनेट बंद केल्यावर उरणारी उंची मोजली. मग जुन्या बॅटरीची अग्रे कोणत्या बाजूला आहेत ते पाहिले. अग्रे उलट बाजूला आली, तर तार पोहोचत नाही. धन अग्र थोडे जाड आणि ऋण अग्र थोडे बारीक असते.

काही बॅटऱ्यांवर '३८बी२०एल' अशी जपानी पद्धतीची खूण असते. '३८' म्हणजे ताकदीचा दर्जा. ते अँपिअर-तास नव्हेत. 'बी' हा रुंदी व उंचीचा गट आहे. '२०' म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर लांबी. शेवटचे 'एल' म्हणजे डावे. उजव्यासाठी 'आर' असते. तुम्ही उर्दू उजवीकडून वाचता आणि मराठी डावीकडून. पण बॅटरीकडे कोठून पाहायचे, ते ठरलेले आहे! धन अग्राजवळच्या आखूड बाजूने पाहावे. धन अग्र डावीकडे दिसले, तर 'एल'.

बॅटरी काढताना मिस्त्रींनी आधी ऋण तार सोडली आणि बसवताना ती शेवटी जोडली. धन तार सोडताना पाना सांगाड्याला लागला, तरी त्यामुळे ठिणगी उडत नाही. नवी बॅटरी बसली, पट्टी आवळली गेली. जुनी बॅटरी दुकानात परत गेली. तिच्यातले शिसे वितळवून पुन्हा वापरता येते, म्हणून दुकानदाराने तिचे पैसे किमतीतून वजा केले. चाचांनी किल्ली फिरवली. या वेळी 'टक्' झाले नाही.