लेझर बोट घेताय? पैसे शिडासाठी राखून ठेवा

शिडाच्या बोटींच्या शर्यतीत ज्याचा खिसा जड त्याची बोट पुढे, असा समज आहे. लेझरला तो लागू नाही. ब्रूस कर्बी यांनी आखलेली ही एकट्याने चालवायची बोट १९७१ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आली तेव्हा किंमत होती ६९५ डॉलर. आता तिचं अधिकृत नाव आयएलसीए. हल (बोटीचं मुख्य धड), डोलकाठी, शीड, सुकाणू सगळं ठरल्या मापाचं आणि मान्यताप्राप्त कारखान्यातलंच हवं. जास्त पैसे मोजून हलका हल करून घ्यायची सोय नाही.

परदेशात नवी बोट साधारण सात-आठ हजार डॉलरला पडते. आपल्याकडे मागवायची तर त्यावर जहाजभाडं, सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो. सगळं धरून दरपत्रक लेखीच मागा. हल ४.२ मीटर लांब, वजन ५९ किलोच्या आसपास, त्यामुळे तो गाडीच्या टपावर बांधूनही नेता येतो. तेवढा ट्रेलरचा खर्च वाचतो.

पालकांसाठी खरी बचत वेगळीच आहे. हल एकच, शिडं तीन: ४.७, ५.७ आणि ७ चौरस मीटर. मूल वाढलं की फक्त डोलकाठीचा खालचा भाग आणि शीड बदलायचं. २०२३ मध्ये झालेल्या हांगचौ आशियाई स्पर्धेत भारताच्या नेहा ठाकूरने सर्वांत लहान शिडावर रौप्य मिळवलं, विष्णू सरवणनने सर्वांत मोठ्या शिडावर कांस्य.

जुनी बोट घेत असाल तर रंगाच्या चकाकीवर जाऊ नका. डोलकाठी बसते ते भोक पाण्याने काठोकाठ भरा आणि थोडा वेळ थांबा. पातळी उतरली, तर पाणी हलच्या पोटात जातंय. जोराच्या वाऱ्यात डोलकाठी तिथूनच डेक फाडते. मग हल काट्यावर चढवा. पाणी प्यालेला हल वारा मागून तिरका आला तरी पाण्यावर उचलला जात नाही, आणि लेझरची सगळी मजा त्या उचलण्यातच आहे. डोलकाठीचे नळे जमिनीवर गडगडवून बघा, वाकलेले लगेच कळतात.

शीड मात्र नवंच घ्या. कापडाची करकर गेली की वाऱ्यावर चढताना बोट मागे पडते. अधिकृत शीड सहाशे-सातशे डॉलरच्या घरात जातं, म्हणून ते शर्यतीपुरतं ठेवा. सरावाला अनधिकृत स्वस्त शीड चालतं. वापरून झालं की गोड्या पाण्याने धुवा आणि घडी न घालता गुंडाळा.

क्लबमध्ये बोट ठेवायच्या जागेचं भाडं विचारताना पावसाळ्याचे बंद महिने धरूनच हिशेब मागा. आणि इसार देण्याआधी बोटीवरची कारखान्याची पाटी व हल नंबर तपासा. पाटी नसलेली बोट फुकट मिळाली तरी शर्यतीसाठी घेऊ नका.