उसाच्या फडात एआय आलं. मुलांनी आता काय शिकावं?

बारावीचा निकाल लागला की बारामती-इंदापूरच्या घराघरांत एकच विषय असतो. कॉम्प्युटरला घालावं तर त्या नोकऱ्या एआय खाणार म्हणतात, शेतीकडे वळवावं तर जीव धजत नाही. माझं सांगणं असं की आधी आपल्याच शिवारात काय चाललंय ते बघा.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं उसात एआय आणलं. २०२५च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याचं जाहीर कौतुक केलं. जमिनीतले सेन्सर ओलावा मोजतात, हवामान केंद्र पावसावाऱ्याची नोंद ठेवतं, उपग्रह वरून पीक टिपतो. ही सगळी माहिती जुळवून पाणी किती, खत कधी, याचा सल्ला मोबाइलवर येतो.

पण सेन्सर उताराच्या तळाशी बसवला, तर अख्ख्या प्लॉटला ओल भरपूर आहे असंच यंत्र धरून चालेल. उपग्रहाला पिवळा पट्टा दिसतो; तो नत्र कमी पडल्यानं, पाणी साचल्यानं की हुमणीनं, हे उसाचं बेट उपटून मुळं बघितल्याशिवाय पक्कं कळत नाही. कालव्याखालच्या चोपण जमिनीचं गणित तर आणखी वेगळं. यंत्राचा सल्ला शेतात ताडून बघणारा आणि चूक दिसली की नेमकी नोंद करणारा माणूस लागतोच. मला खरं काम तिथं दिसतं. राज्य सरकारनंही २०२५मध्ये कृषी-एआय धोरणासाठी ५०० कोटी मंजूर केले आहेत.

म्हणून बीएस्सी ॲग्रीच्या मुलीनं संख्याशास्त्र आणि थोडं पायथन शिकावं. ‘स्वयम्’वर असे कोर्स मोफत शिकता येतात. कॉम्प्युटरच्या मुलानं एक आडसाली हंगाम लागणीपासून तोडीपर्यंत बघावा. ड्रोन पायलटच्या प्रमाणपत्राच्या प्रशिक्षणाला दहावी पास आणि वय १८ पूर्ण एवढी पात्रता पुरते. नुसत्या ‘एआय’ नावाच्या शाखेवर भाळून मात्र फी भरू नका. शिकवणारे कोण, लॅब कशी, ते आधी बघून या.

घरीही एक शिस्त हवी. गणित मुलानं आधी स्वतः सोडवावं, मग एआयला विचारावं, आणि दोन्ही उत्तरं वेगळी आली तर चूक कुणाची ते शोधावं.

जानेवारीत बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचं ‘कृषिक’ प्रदर्शन भरलं की मुलांना तिथल्या प्रात्यक्षिक प्लॉटवर न्या. सेन्सर इथंच का बसवला, त्याची नोंद चुकली तर ती कोण ओळखतं, हे तुम्ही विचारू नका. त्यांना विचारू द्या.