मोहोरबंद संदेशांचा बोगदा

पत्र न वाचता ते पोहोचविता येते, ही गोष्ट टपालाच्या नित्य व्यवहारामुळे सर्वांच्या परिचयाची आहे. लखोट्यावरील पत्ता स्पष्ट असला म्हणजे पुरे. आतील मजकुराशी टपालवाल्याला कर्तव्य नसते. संगणकांच्या जाळ्यांतही हेच तत्त्व लागू पडते. गेम कन्सोल या खेळाच्या यंत्रांनी त्याचे एक बोधप्रद उदाहरण उपलब्ध करून दिले आहे.

मूळ अडचण

मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीचे एक्सबॉक्स हे यंत्र नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. त्यात ‘सिस्टिम लिंक’ नावाची एक सोय होती. जवळजवळ ठेवलेली यंत्रे इथरनेटच्या तारेने जोडली की त्यांवरील खेळाडूंना एकाच डावात भाग घेता येई. ‘हेलो’ या खेळात अशी चार यंत्रे जोडून सोळा जण खेळू शकत. डाव शोधणारे यंत्र ‘येथे कोणी आहे काय?’ अशी हाक जाळ्यातील सर्वांना उद्देशून देते. परंतु घरचे जाळे इंटरनेटशी जोडणारा राउटर अशी सार्वत्रिक हाक उंबरठ्याबाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे एका गावातील यंत्राला दुसऱ्या गावातील यंत्राचा पत्ताच लागत नसे.

संदेशावरील मोहोर

या यंत्रांचे संदेश उघडे नसतात. ते कूटबद्ध केलेले असतात. प्रत्येक खेळाच्या मूळ प्रोग्रॅममध्ये १६ बाइट लांबीची एक किल्ली घातलेली असते. म्हणून तोच खेळ चालविणाऱ्या यंत्रांनाच एकमेकांची हाक उमगते. शिवाय संदेशाबरोबर सत्यतेची एक गणिती खूण जोडलेली असते. वाटेत एक बाइट जरी बदलला तरी ही खूण जुळत नाही आणि घेणारे यंत्र तो संदेश टाकून देते. लाखेची मोहोर तुटलेला लखोटा नाकारावा, तसाच हा प्रकार होय.

बोगद्याची रचना

येथे टनेलिंग सॉफ्टवेअर कामास येते. ‘एक्सलिंक काई’ हा अशा सॉफ्टवेअरचा प्रसिद्ध नमुना आहे. ते कन्सोलशेजारील साध्या संगणकावर चालते. सामान्यतः संगणकाचे नेटवर्क कार्ड स्वतःच्या नावे नसलेले संदेश सोडून देते. हे सॉफ्टवेअर मात्र त्याला तारेवरील सर्व संदेश ऐकावयास लावते. त्यांतून कन्सोलचे संदेश निवडण्यासाठी आतील मजकुराची गरज पडत नाही. प्रत्येक संदेशाच्या आरंभी पाठविणाऱ्या यंत्राचा सहा बाइटचा मॅक पत्ता उघडाच असतो आणि त्यातील पहिल्या तीन बाइटांवरून निर्माता कोण ते कळते.

निवडलेला संदेश जशाच्या तसा एका नव्या पॅकेटच्या पोटात घातला जातो. या बाहेरील पॅकेटवर दूरच्या संगणकाचा पत्ता असल्यामुळे राउटर त्यास अडवीत नाहीत. पलीकडील संगणक बाहेरचे वेष्टन काढतो आणि आतील संदेश मूळ मॅक पत्त्यासह आपल्या जाळ्यात सोडतो. तेथील कन्सोलला वाटते की, दुसरे यंत्र शेजारच्याच खोलीत आहे. एवढ्या प्रवासात मोहोर कोठेही फोडावी लागत नाही.

मोहोरेमुळे येणाऱ्या मर्यादा

मात्र ज्याला मजकूर वाचता येत नाही, त्याला तो सुधारताही येत नाही. याचे पहिले फळ आकारमानात दिसते. कूटबद्ध मजकुरात पुनरावृत्ती आढळत नसल्यामुळे तो दाबून लहान करता येत नाही. उलट वेष्टनामुळे किमान ४२ बाइटची भर पडते आणि इथरनेटच्या नेहमीच्या पॅकेटात १,५०० बाइटच मावतात. मूळ संदेश मोठा असला तर त्याचे तुकडे करून पाठवावे लागतात.

दुसरी मर्यादा काळाची आहे. २००५ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स ३६० या यंत्रात सिस्टिम लिंकसाठी संदेशाच्या जाण्यायेण्यास ३० मिलिसेकंदांची मर्यादा घालण्यात आली. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे सरळ मार्ग धरला तरी ३० मिलिसेकंदांत जाऊन येण्यास ३,००० किलोमीटर हीच अंतराची सीमा ठरते. मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर असल्याने तेथे निदान ७२ मिलिसेकंद लागतील. सॉफ्टवेअरने मध्येच खोटे उत्तर रचून वेळ वाचवावा म्हटले, तर किल्लीवाचून ते उत्तर मोहोरबंद कसे करणार?

तात्पर्य

पहिल्या एक्सबॉक्ससाठी कंपनीने चालविलेली ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ ही इंटरनेट सेवा १५ एप्रिल २०१० रोजी बंद झाली. तरीही सिस्टिम लिंकचे खेळ बोगद्यातून दूरवर खेळता येतात. कारण त्यांच्या किल्ल्या मध्यवर्ती केंद्रात नसून खेळात व यंत्रांत आहेत.

येथे एक सावधगिरीही शिकण्यासारखी आहे. मोहोर मजकुराचे रक्षण करते. पण कोणी, कोणास, केव्हा आणि किती लांबीचा संदेश पाठविला, हे वाहकाला दिसतच राहते. वाहतूक आणि वाचन या भिन्न क्रिया आहेत, हे जितके खरे, तितकेच न वाचणाऱ्या वाहकालाही पुष्कळ काही कळते, हेही खरे आहे.