संदर्भाच्या रकान्यातलं नाव

मुलगी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाली आणि घरात रोज एक शब्द ऐकू येऊ लागला: अप्लाय. मी अंगणवाडी सेविका, यजमान खोपोलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी, कर्जतजवळच्या कोंडाण्यात आमचं घर. लेकीची नोकरीची शोधाशोध जवळून बघताना जे उमगत गेलं ते इथे मांडते. तुमच्या घरी याचं रूप वेगळं असेल.

1. नोकरी शोधणं हेच पूर्ण वेळचं काम आहे. यजमानांच्या वेळी मामांनी त्यांना कारखान्याच्या गेटवर नेलं, आतल्या माणसाशी दोन शब्द बोलले आणि आठवड्याभरात पाळी सुरू झाली. लेक मात्र सकाळचं आवरून जी मोबाइल घेऊन बसते, ती दुपार कलली तरी तिथेच. बघणाऱ्याला वाटतं, पोर दिवसभर मोबाइलमध्ये. ती जाहिराती वाचत असते, प्रत्येक ठिकाणी तीच माहिती पुन्हा भरत असते, ओटीपीची वाट बघत असते, गुणपत्रिकेची फाइल लहान करून अपलोड करत असते. मला हे समजायला सोपं गेलं ते अंगणवाडीमुळे. आमच्याकडे पूर्वी 11 नोंदवह्या असायच्या. 2021 मध्ये पोषण ट्रॅकर आला आणि बाळांची वजन-उंची मोबाइलवर भरायची वेळ आली. मोबाइलकडे बघत बसलेलं माणूस कामात असू शकतं, हे आमच्या गल्लीला तेव्हापासून ठाऊक आहे.

2. बायोडाटा माणसाच्या हाती पडण्याआधी बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअर वाचतं. लेकीनं आधी छान सजवलेला बायोडाटा करून आणला होता, दोन रकाने, रंगीत चौकट, कोपऱ्यात फोटो. तिच्या सीनियर मैत्रिणीनं तो साधा करून घेतला. जाहिरातीत एचपीएलसी (रासायनिक विश्लेषणाचं एक तंत्र) म्हटलं असेल तर बायोडाट्यात तोच शब्द हवा. ‘आधुनिक उपकरणं हाताळली’ एवढ्यानं भागत नाही. मला वाटलं, आता यात माझी मुलगी कुठे उरली? पण तिनं कॉलेजच्या प्रकल्पासाठी गावातल्या विहिरींचं पाणी तपासलं होतं. पावसाळ्याआधीचं आणि नंतरचं, बाटल्यांवर तारखा घालून. ते ‘पाण्याचा कठीणपणा, टायट्रेशन पद्धतीनं’ असं बायोडाट्यात आलं आणि मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच झाले. आपल्या पोरांनी गावात केलेल्या कामालाही कारखान्याच्या भाषेत नाव असतं. ते शोधून द्यायला कुणीतरी सोबत बसावं लागतं.

3. रेंज नसेल तर पात्रता घरातच अडकून पडते. उल्हास नदी आमच्याच डोंगरांतून उतरते आणि तेच डोंगर रेंज अडवतात. लेकीची पहिली व्हिडिओ मुलाखत भर जुलैत आली. आमच्या घराला पत्रे. पाऊस धरला की शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं. पलीकडच्या काकूंचं घर स्लॅबचं. त्यांनी पुढची खोली मोकळी करून दिली, नातवाला मागच्या पडवीत नेलं. खिडकीजवळच तेवढ्या दोन कांड्या दिसत होत्या, म्हणून काकांनी तांदळाच्या डब्यावर दुसरा डबा चढवून मोबाइल गजाला टेकवला. लेक इस्त्रीचा कुर्ता घालून खिडकीकडे तोंड करून बसली. समोरच्या साहेबांना फक्त तिचा चेहरा दिसला. त्यामागे दोन घरं उभी होती.

4. नोकरी किती लांब आहे, हे नकाशा सांगत नाही. अ‍ॅपवर ‘जवळच्या नोकऱ्या’ म्हणून रसायनी, पाताळगंगा इथले कारखाने दिसतात. पण कोंडाण्याहून कर्जतला रिक्षा, तिथून चौकपर्यंत दुसरी गाडी, पुढे तिसरी. आणि दुसरी पाळी रात्री सुटली तर परत कसं यायचं? त्यामानानं 100 किलोमीटरवरची मुंबई सोपी वाटते, कारण कर्जतला लोकलमध्ये बसलं की दोनेक तासांनी थेट सीएसएमटी. पनवेल-कर्जत लोकलचा मार्ग 2016 मध्ये मंजूर झाला, तेव्हापासून चिखले, मोहोपे, चौक ही स्टेशनांची नावं आमच्याकडच्या पोरींना पाठ आहेत. कुठली नोकरी घेता येईल आणि कुठली सोडावी लागेल, हे अशा मार्गावर ठरतं. लेक पगाराआधी विचारते, कंपनीची बस कुठपर्यंत येते? मला तो प्रश्न फार शहाणा वाटतो.

5. पैसे मागितले म्हणजे फसवणूक, एवढी सोपी खूण आता उरली नाही. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले आणि खुल्या गटासाठी परीक्षा शुल्क 1,000 रुपये होतं. तेही ऑनलाइनच भरायचं. मग ‘रजिस्ट्रेशनचे पैसे पाठवा, सोमवारी जॉइनिंग’ असा मेसेज आला तर पोरांना त्यात वावगं का वाटावं? आम्ही घरात ठरवून टाकलं. पैसे कुठे जातात ते आधी बघायचं. सरकारी भरतीचं शुल्क अधिकृत अर्जातूनच भरलं जातं, कुणाच्या खासगी यूपीआय नंबरवर जात नाही. चांगली कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाही. आणि पैसे गेलेच, तर त्याच घटकेला सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करायचा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. बोलणी खावी लागतील या भीतीनं पोरं गप्प राहतात आणि मोलाचे तास निघून जातात. म्हणून ‘काही झालं तरी आधी घरी सांग’ हे फसवणूक होण्याआधीच सांगून ठेवावं.

6. ओळखीनं लागणाऱ्या नोकऱ्यांचे दिवस बरे होते असं आम्ही म्हणतो, पण ती ओळख सगळ्यांकडे कधीच नव्हती. खोपोलीचं टाटांचं वीजघर 1915 सालचं. त्यामागून कारखाने आले, आणि ज्यांचा मामा-काका आत होता त्यांची पोरं आत गेली. कातकरी वाडीवर मात्र दिवाळीनंतर काम स्वतःच चालत येतं. वीटभट्टीचा माणूस उचल देतो आणि कुटुंबच्या कुटुंब पावसाच्या तोंडापर्यंत गाव सोडतं. माझ्या हजेरीत ती रिकामी नावं मला दिसतात. त्या वाडीवरची शिकलेली मुलगी आज माझ्या लेकीसारखाच अर्ज भरू शकते, गेटवर कुणी आणलं हे तिला कोणी विचारत नाही. अर्ज भरला म्हणजे नोकरी लागली असं नाही. तरीही हे दार उघडलं, याचं मोल मला मोठं वाटतं.

7. कुणीतरी पाठीशी उभं राहावं लागतं, हे मात्र बदललेलं नाही. आमच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या चैत्याच्या दर्शनी भागाजवळ एका भग्न मूर्तीवर ब्राह्मी लिपीत कोरलंय की कण्हाचा शिष्य बलक यानं हे घडवलं. काम कुणी केलं आणि तो कुणाजवळ शिकला, बास. लेकीच्या अर्जातही शेवटी ‘संदर्भ’ असा रकाना आला. दोन नावं हवीत, नातेवाईक चालणार नाहीत. जिला जन्मापासून ओळखते तिच्यासाठी माझा शब्द तिथे धरला जात नाही, हे मनाला लागलं. तिनं तिच्या सरांचं आणि प्रयोगशाळेतल्या दादांचं नाव दिलं. दोघांनाही फोन गेले, दोघंही तिच्या कामाबद्दल नेमकं बोलले. आज ती पाताळगंगेला क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, ट्रेनी आहे. त्यानंतर वाडीवरच्या एका मुलीनं आयटीआय करून अर्ज भरला आणि संदर्भात माझं नाव दिलं. कंपनीतून फोन आला तेव्हा मी सांगितलं, सुट्टीत ही माझ्याकडे बाळांची वजनं लिहून द्यायची, आकडा कधी चुकला नाही. आपल्या मुलांच्या अर्जात आपलं नाव चालत नाही, दुसऱ्यांच्या मुलांच्या अर्जात चालतं. नोकरी केलेल्या, चार माणसांत ओळख असलेल्या प्रत्येकानं गावातल्या एका तरी पोराला सांगावं, माझा नंबर दे, मी बोलेन.