नीटच्या तिसऱ्या वर्षापेक्षा शिरगाव बघा

नीटचा निकाल लागला की कडेगाव, वांगी, देवराष्ट्रे या बाजूचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात: "सर, अजून एक वर्ष रिपीट करू द्यावं का?" पहिल्या वेळी गुण का गेले ते मुलाला सांगता येत असेल, तर जरूर द्यावं. दुसऱ्यांदाही तेवढेच पडले असतील, तर नको. तिसरं वर्ष बहुतेक वेळा मुलाचं नसतंच. "पोरगं डॉक्टर होणार" असं भावकीत सांगून बसलेल्या बापाचं असतं. त्यापायी उसाचं बिल क्लासवाल्याच्या घशात घालू नका.

फार्मसी, नर्सिंग, बीएस्सी अ‍ॅग्री तुम्हाला ठाऊकच आहे. जीवशास्त्र मनापासून आवडणाऱ्यांना मी रत्नागिरीजवळचं शिरगाव सुचवतो. तिथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे. बीएफएस्सी चार वर्षांची, प्रवेश एमएचटी-सीईटीतून. हे ऐकलं की हमखास कुणीतरी म्हणतं, "आम्ही माळकरी, आम्हाला मासे कशाला?" अहो, खायचे नाहीत, अभ्यासायचे आहेत.

त्यातही माझा आग्रह कालवं आणि हिरव्या कवचाचे शिणाणे या शिंपल्यांसाठी. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं, मग खडकावर किंवा जुन्या शिंपल्यावर जन्माचं चिकटतं. पिढ्यांवर पिढ्या बसून खाडीत त्यांचे थर उभे राहतात. मासे-खेकड्यांना तिथे आसरा मिळतो, लाटांचा मारा कमी होतो. जगातले असे 85 टक्के थर नष्ट झाल्याचा अंदाज शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये मांडला.

सिंधुदुर्गात कांदळवन प्रतिष्ठानच्या मदतीने बचतगटातल्या बाया कालवं-शिणाणे वाढवतात. कोळंबीला टाकतात तसं खाद्य यांना टाकावं लागत नाही. हे जीव पाण्यातलं प्लवक गाळून जगतात. पण म्हणून सगळं निर्धोक, असं समजू नका. एका जागी गर्दी झाली की विष्ठा तळाला साचते आणि गाळातला प्राणवायू संपतो. वस्तीचं सांडपाणी आलं तर त्यातले जंतूही कालवात साठतात आणि खाणाऱ्याच्या पोटात जातात. पावसाळ्यात खाडीचा खारेपणा उतरला की शिणाणे मरतात. बीज कुठे, कधी बसतं, एका खाडीत शिणाणे वाढवायचे किती दोर सोडावेत, ही उत्तरं खाडीगणिक बदलतात. ती शोधायला चिखलात उतरणारी माणसं लागतात. अति पाण्याने क्षारपड झालेली कृष्णाकाठची रानं बघितलेल्या पोराला अतिरेकाचा हा हिशोब लवकर कळतो.

पुढे मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कोचीत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे. पैशाचंही स्पष्ट सांगतो. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासूनच्या दराने महिना 37,000 रुपये, शिवाय घरभाडं. पीएचडी होईतो तिशी जवळ येते. मुलीच्या लग्नाची घाई असलेल्या घराने आधीच तसं सांगावं, मधेच शिक्षण तोडू नये. आणि "घरच्या टाकीत मोती पिकवा" अशा व्हिडिओंना हे क्षेत्र समजून पैसे भरू नका.

शिरगाव बघायला एसटीने कऱ्हाड, कुंभार्ली घाट, चिपळूण असं जाता येतं. जायच्या आधी महाविद्यालयात फोन मुलाने किंवा मुलीनेच करावा, बापाने नव्हे.